गाडी घसरते तेव्हा पहिला हात

जुन्नर आणि आंबेगाव या आमच्या दोन तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. पुणे-नाशिक लोहमार्गाची चर्चा ऐकता ऐकता एक पिढी म्हातारी झाली. पुढे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे त्या मार्गाचाच प्रश्न उभा राहिला. तरीही रेल्वेशी आमचे नाते आहेच. कुणी माळशेज घाट उतरून कल्याणला गाडी धरतो, कुणी पुण्याला. घरचे ‘सांभाळून जा’ म्हणतात, ‘खुदा हाफिज’ म्हणतात. काळजी दोन्हींत सारखीच.

22 जून 2003 च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली विशेष गाडी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळे घसरली. पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. 16 जून 2004 रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसवर तीच वेळ आली. 4 मे 2014 रोजी नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये, निडीजवळ, दिवा-सावंतवाडी पॅसेंजर घसरली आणि शंभराहून अधिक लोक जखमी झाले. अशा वेळी रेल्वेची वैद्यकीय मदतगाडी निघते, डॉक्टर येतात. पण डोंगर, पाऊस, अंधार यांतून पोहोचायला वेळ लागतो. तोवर जखमींजवळ असतात ते सहप्रवासी आणि रुळाकडेच्या गावांतली माणसे.

ही माणसे जिवावर उदार होऊन मदत करतात. त्या मदतीला थोड्या माहितीची जोड हवी, एवढेच मला सांगायचे आहे. मी कवी माणूस, डॉक्टर नव्हे. पण या गोष्टी प्रत्येकाला समजण्याजोग्या आहेत.

जो ओरडतो आहे त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडला आहे, त्याच्याकडे आधी जावे. भळाभळा रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून घट्ट दाबून धरावे, सारखी उचलून पाहू नये. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल आणि जागेवर आग वगैरेचा धोका नसेल, तर जखमीला हलवू नये. हलवावेच लागले तर चौघांनी मिळून, डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून हलवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. विजेची तार तुटली असेल तर तिच्या जवळपासही जाऊ नये.

सर्वांत फसवी जखम दबलेल्या माणसाची. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेली काही माणसे आधी बरी वाटत आणि काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. डॉ. बायवॉटर्स यांनी 1941 साली त्याचा उलगडा मांडला. पाय बराच वेळ दबून राहिला की स्नायू मरू लागतात. ओझे हटताच त्यांतली विषारी द्रव्ये रक्तात उतरतात. हृदय बंद पडू शकते, मूत्रपिंडे निकामी होतात. अपघात नुकताच झाला असेल आणि ओझे सुरक्षितपणे हलत असेल, तर लगेच बाजूला करावे. पण बराच वेळ गेला असेल तर ओढाताण न करता डॉक्टरांची वाट पाहावी. ते आधी सलाइन लावतात, मग सोडवतात. तोवर त्याच्याजवळ बसून बोलत राहावे. तीही मदतच आहे.

हे आपल्या कामाचे नाही, असे आंबेगावात कोण म्हणेल? निडीच्या अपघातानंतर तीन महिने होण्याआधीच, 30 जुलै 2014 रोजी, माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. बोगी असो की घर, त्याखाली दबलेल्या माणसाचे शरीर एकच असते.

108 आणि रेल्वेचा 139 हे दोन क्रमांक पाठ असावेतच. पण रुग्णवाहिका येईपर्यंतच्या वेळेचे काय? शाळेत, ग्रामसभेत, गणेश मंडळात, मोहल्ल्यात वर्षातून एक दिवस प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक ठेवता येईल. त्याला खर्च फारसा नाही. आपल्या लोकांत धावून जाण्याची वृत्ती आहेच. धावून गेल्यावर काय करावे, तेवढे शिकून घेऊ या.