कष्टाळू म्हणू नका, तास मोजा

(वडाळ्यातल्या एका वस्तीत, ट्रक ड्रायव्हर तात्यांच्या शोकसभेत केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला सांगितली होती. नाही वाचणार. मघापासून पाचसहा जण बोलले आणि सगळ्यांनी एकच शब्द वापरला. कष्टाळू. परवा तात्यांचा शेठही वस्तीत येऊन गेला. दोन मिनिटं थांबला, आक्कांसमोर हात जोडले, म्हणाला, फार कष्टाळू माणूस. आमच्यातल्या एका पोरानं विचारलं, शेठ, एवढं कागदावर लिहून द्या, की हा माणूस इतकी वर्षं तुमच्या गाडीवर ड्रायव्हर होता. शेठ गाडीत बसला आणि निघून गेला.

तोंडी कष्टाळू. कागदावर कोणीच नाही. माझं बोलणं एवढ्यावरच आहे.

१९७२ च्या दुष्काळात चार वर्षांचे तात्या बापाच्या खांद्यावर बसून मराठवाड्यातून मुंबईत आले. पंधराव्या वर्षी ट्रकवर क्लिनर. ज्यांनी ट्रक फक्त मागून पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. टायर उतरवायचा, ताडपत्री बांधायची, उस्तादाची भांडी घासायची, रात्री मालावर झोपायचं. आणि ढाब्यावर कुणी गाव-आडनाव विचारलं तर काय सांगायचं, ते आधीच ठरवून ठेवायचं. तात्या खरं सांगायचे. पुष्कळदा बाहेर उभं राहून जेवायचे.

मी गोदीत ठेक्यावर आहे. तात्यांची गाडी मीच कितीदा भरलीय. पत्र्याची कॉईल, एकेक पंधरा-वीस टनांची. क्रेन ती खाली सोडते, आम्ही लाकडाचे ठोकळे सारतो, साखळ्या आवळतो. एक साखळी ढिली राहिली आणि जोरात ब्रेक लागला, तर कॉईल पुढे येते. पुढे म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीवर. म्हणून तात्या खाली उतरून एकेक साखळी पाय देऊन बघायचे. आम्हाला राग यायचा. ते म्हणायचे, ‘अरे, मागं लोखंड आहे आणि घरी दोन पोरं.’

आता झोपेचं बोलू. शहरात जड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळेत बंदी. म्हणजे दिवसभर गेटबाहेर लाईन, संध्याकाळी माल, रात्री रस्ता, पहाटे कळंबोलीच्या स्टील मार्केटात परत लाईन. लाईन दहा फूट सरकली की गाडी दहा फूट सरकवायची. मागचा हॉर्न मारतो, डोळे उघडायचे, गियर टाकायचा, पुन्हा बंद. ही झोप नव्हे. आणि शेठच्या हिशेबात हे कामही नव्हे. पैसा खेपेवर, भत्ता खेपेवर. उभ्या गाडीतला माणूस फुकट. केबिनमध्ये खाली इंजिन, वर तापलेला पत्रा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगलंच झालं. तात्यांची गाडी जुनी होती.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली जी दुरुस्ती आणली, तिनं बारमाही कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ड्रायव्हरला त्यासाठी १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याची वाट बघावी लागली. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पण तो कायदा लागू होता कुणाला? पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. मग शेठनं एक गाडी स्वतःच्या नावावर ठेवली, दुसरी बायकोच्या, तिसरी मेव्हण्याच्या. संपला कायदा. २०१५ साली याच राज्यात ट्रकमागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी आली. तीन शब्द दिसले साहेबांना. पुढं बसलेला माणूस किती तास जागा आहे, ते दिसलं नाही.

फलकावर ‘कुटुंबवत्सल’ लिहिलंय. खोटं नाही. तात्या घरी झोपायचे त्या रात्रीला आक्का कालनिर्णयवर गोल करायच्या. मी गेल्या वर्षीचं कालनिर्णय खाली घेऊन बघितलं. एका महिन्यात पाच गोल, एका महिन्यात दोन. बाकीच्या रात्री हा बाप फोनवर बाप होता. पोरगी नर्सिंगला आहे. आज काय शिकलीस, हा त्यांचा रोजचा प्रश्न. हार्टचा धडा झाला त्या रात्री त्यांनी दोनदा विचारलं, डावा हात दुखतो तो कशानं? पोरगी म्हणाली, उद्याच्या उद्या दाखवा. तात्या म्हणाले, ही खेप उतरली की.

आणि त्या सगळ्या बिनगोलाच्या रात्री घर कुणी ओढलं? आक्कांनी. चार घरची धुणीभांडी करून. त्यांना मागच्या रांगेत कुणी बसवलंय? पुढं आणा.

कळंबोलीच्या अलीकडे रात्री छातीत कळ आली. तात्यांनी गाडी डावीकडे घेतली, हँडब्रेक ओढला, मागचे दिवे लुकलुकत ठेवले. कुणाला ओरखडा नाही. आता शेठचा वकील म्हणतो, टक्कर नाही, मोडतोड नाही, मग हा अपघात कसला? म्हणजे मरताना गाडी नीट उभी केली, हाच गुन्हा झाला.

कामावर मरण आलं तर भरपाई, हे या देशाच्या कायद्यात १९२३ पासून आहे. पण हार्ट अटॅक असला की कामाचा ताण आणि मरण यांचा संबंध पुराव्यानं दाखवावा लागतो. तिथं कष्टाळू हा शब्द चालत नाही. तारीख चालते, वेळ चालते.

तात्यांच्या पत्र्याच्या पेटीत बिल्ट्या आहेत, गेटपास आहेत, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या आहेत. महिन्याचं एकेक पुडकं, रबर लावलेलं. काट्याच्या चिठ्ठीवर गाडीचा नंबर, तारीख, वेळ, सगळं असतं. रविवारी सकाळी नऊला आपण विहारात बसणार. एका बाजूला त्या चिठ्ठ्या, दुसऱ्या बाजूला आक्कांचं कालनिर्णय. कुठल्या रात्री हा माणूस कुठं होता, ते ओळीनं वहीत उतरवायचं. झेरॉक्सचे पैसे जमलेत. ज्या ड्रायव्हर भावांनी त्यांच्याबरोबर लाईनीत रात्री काढल्या, त्यांनी साक्षीला नाव द्यायचंय. तुम्हाला भीती वाटते, मला कळतं. उद्या याच शेठकडून तुम्हालाही गाडी घ्यायचीय. तरी या. आणि येताना चष्मा विसरू नका, चिठ्ठ्यांवरची शाई फिकी झालीय.