रेघोट्या मारू द्या

वांद्रे पूर्वेच्या दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये छोट्याशा खोल्यांत अंगणवाड्या भरतात. तीन ते सहा वर्षांची मुलं मातीचा गोळा चेपतात, वळतात, चिमटीने त्याला कान काढतात. घटकेत साप, घटकेत लाडू. न्यायला आलेली आई मात्र विचारते, "ताई, हा अ-आ-इ कधी लिहिणार?"

तिची काळजी खरी आहे. उत्तर मात्र मुलाच्या मनगटात आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा असते आणि पुढे कित्येक वर्षं हळूहळू टणक होत जाते. म्हणून दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून हात हलवून रेघोट्या मारतं. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल जमतो, चौथ्याच्या आसपास फुली, मग चौकोन; त्रिकोण साधारण पाचव्या वर्षी. अमेरिकेच्या ऱ्होडा केलॉग यांनी बालवाडीतल्या मुलांची लाखो चित्रं जमवली. वरवर निरर्थक दिसणाऱ्या त्या रेघांत त्यांना वीस मूळ प्रकार सापडले. अक्षराची तयारी इथेच होते. छापील चित्राच्या रेघेबाहेर रंग जाता कामा नये, असं दटावणं या वयात अन्यायाचं आहे.

मुलांना मातीशी खेळू देत शिकवण्याची ही रीत जुनी आहे. डहाणूच्या पुढे घोलवड, तिथून जवळच बोर्डी. दादरच्या शिशुविहार या बालशाळेचा अनुभव गाठीशी घेऊन बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली तिथे गेल्या. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबतीला होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. परदेशी धर्तीची महागडी साधनं खेड्याला कुठून परवडणार? बिया, शिंपले, पानं, खडे, माती हीच साधनं झाली. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये वाढलं.

रेघोट्या मारताना मूल बोलत असतं, तेही ऐकायला हवं. "हे काय काढलंस?" म्हटलं की बिचारं गोंधळतं, कारण बरेचदा त्याने काहीच ठरवलेलं नसतं. "मला सांग ना याची गोष्ट" म्हटलं, की त्याच रेघेची लोकल होते, त्यात आजी बसते, पाऊस येतो.

घरी पोळ्या करताना कणकेचा एक उंडा मुलाच्या हातात द्यावा. आणि मेणखडू नवा, लांब देण्यापेक्षा अंगठ्याएवढा तुकडा द्यावा; तो मुठीत नीट धरता येत नाही, त्यामुळे तीन बोटांची पकड आपोआप येते.