आम्लपित्त आणि यंत्राची बुद्धी



देवस्थानाच्या या मंगल प्रसंगी मला पाचारण केलेत, याबद्दल मी ऋणी आहे. महाप्रसादाच्या पंगतीनंतर आम्लपित्तावर बोलणे हा औचित्यभंग खरा. परंतु हा विषय मन लावून ऐकला जाईल तो याच वेळी!

आम्लपित्त आपणांस नवे नाही. ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात त्याचे स्वतंत्र वर्णन आहे. आजचे वैद्यकशास्त्र छातीतील जळजळीचे एक कारण असे सांगते: अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेला स्नायूंचा आवळ सैल पडला, की जठरातील आम्ल वर चढते. मात्र निदान सोपे नाही. अशी तक्रार असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांची अन्ननलिका दुर्बिणीतून निरोगीच दिसते. व्रण आढळल्यास १९९४ च्या लॉस एंजेलिस परिषदेत मांडलेल्या पद्धतीने त्यांची ए ते डी अशी प्रतवारी करतात. तरी सौम्य व्रणांविषयी दोन तज्ज्ञांचे एकमत होतेच असे नाही. संशय उरल्यास नाकावाटे बारीक नळी घालून २४ तास आम्लता मोजतात. पीएच ४ च्या खाली राहण्याचा काळ ६ टक्क्यांहून अधिक भरला तर विकार निश्चित, ४ टक्क्यांहून कमी भरला तर नाही; मधला प्रदेश संदिग्ध.

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यास येते. तज्ज्ञांनी प्रत ठरविलेली असंख्य चित्रे दाखवून यंत्रास शिकविले, की नवे चित्र पाहून ते प्रत सुचविते. दिवसभराचा आलेख वाचताना माणूस थकतो, यंत्र थकत नाही. परंतु शिकविणाऱ्या चित्रांतील उणिवाही ते उचलते. म्हणून अंतिम निर्णय वैद्याचाच.

शिवाय यंत्रापुढे तेवढेच येते, जेवढे आपण येऊ देतो. माझ्या एका वृद्ध आप्तांनी छातीतील जळजळ ‘पित्तच’ ठरवून रात्रभर सोड्याचे पाणी घेतले. पहाटे कळले, तो हृदयविकार होता. उपचारांची मोलाची वेळ टळून गेली होती. बंधूंनो, छातीत दाटून घाम सुटला, धाप लागली, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर आधी हृदयाची तपासणी करा, तीही तत्काळ. घास अडकणे, वजन घटणे, शौचास काळे होणे, ही लक्षणेही घरगुती औषधांखाली झाकू नका.

यंत्र चित्र वाचील, आलेख वाचील. पण आपण वैद्याकडे गेलोच नाही, तर ते काय वाचणार? दुखणे वेळेवर आणि खरेखरे सांगणे, हेच निदानाचे पहिले साधन होय. ते आपल्या हाती आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.