बॅग कुठे उतरणार?
चिखली, देऊळगाव राजाकडून परदेशी निघालेली मंडळी बरेचदा छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून मुंबईला आणि तिथून पुढे उडतात. दोन्ही विमानांचं तिकीट एकच असेल, तर बॅग सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जाते. तरी तिच्यावरची चिठ्ठी वाचाच. शेवटी ‘बीओएम’ हा मुंबईचा कोड दिसला, तर बॅग मुंबईतच उतरणार! तिकिटं वेगवेगळी असतील, तर बॅग मुंबईत पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करायची. टर्मिनल बदलायचं असेल, तर रस्त्याने गाडीनं जावं लागतं. येताना मात्र तिकीट एक असूनही साधारणपणे मुंबईतच बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं. मग ती पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायची. बॅगेची पावती घरी पोचेपर्यंत जपून ठेवा.