नंबर किती, ते सोडा. किती वेगानं वाढतोय?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज चष्मा.

गेल्या महिन्यात नाशिकला ताईकडे गेलो होतो. भाची चौथीत आहे. दारातच म्हणाली, "मामा, माझा परत वाढला." मायनस दीडचा सव्वादोन, आठ महिन्यांत. ताई म्हणाली, "चालायचंच रे, तुझाही वाढायचाच ना."

हे 'चालायचंच' मला टोचलं. कारण माझा मायनस साडेसात आहे. पुण्याला परत आलो आणि आईनं जपून ठेवलेली माझी जुनी फाइल काढली. सगळे नंबर एका शीटमध्ये भरले, ग्राफ काढला (सवय, दुसरं काय). दुसरीत दीड, सातवीत साडेचार, दहावीत सहा. दरवेळी नव्या काचा घेतल्या आणि घरी आलो. नंबर किती, हे सगळ्यांनी विचारलं. किती वेगानं वाढतोय, हे कुणीच नाही.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत माझ्या डोळ्याच्या पडद्याला छोटं छिद्र सापडलं. लेझरनं त्याच्याभोवती सील केलं. थोडक्यात वाचलो.

मुलांचा मायनस नंबर वाढतो म्हणजे बहुतेकदा डोळा मागच्या बाजूला लांब होत असतो. मग आतला पडदा ताणला जातो. मायनस सहाच्या पुढे गेलं की पडदा सरकणं, काचबिंदू यांचा धोका बराच वाढतो. तुमच्यातले काही म्हणतील, अठरा झाले की लेझर करून नंबर घालवू. चष्मा जाईल हो. डोळा लांबच राहणार, कारण लेझर पुढच्या बुबुळावर होतं. म्हणून जे काही करायचं ते डोळा वाढत असतानाच.

पहिली गोष्ट फुकट आहे: दिवसाउजेडी बाहेर असणं. चीनमध्ये ग्वांगझूच्या काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. ३ वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना नव्यानं नंबर लागला, नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के. वर्गात उजेड काहीशे लक्स असतो, बाहेर सावलीतही काही हजार. तैवान तर शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायला सांगतं. आपल्याकडे तेवढ्या वेळात दोन ट्यूशन बसतात!

पण एक आहे. उजेडाचा हा फायदा मुख्यतः नंबर लागण्याआधी. एकदा लागला की एवढ्यावर भागत नाही.

मग येतात अ‍ॅट्रोपिनचे थेंब. हाँगकाँगच्या चाचणीत वर्षभरात साधे थेंब घेणाऱ्या मुलांचा नंबर सरासरी ०.८१ नं वाढला, ०.०५ टक्केवाल्यांचा ०.२७ नं. त्याहून सौम्य ०.०१ टक्क्यांचा परिणाम तिथे कमी दिसला आणि अमेरिकेत २०२३ ला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर दिसलाच नाही. म्हणजे 'थेंब चालू आहेत' एवढं पुरत नाही, ताकद विचारा. आणि हे डॉक्टरनंच ठरवायचं. मेडिकलमधून आणून स्वतः सुरू किंवा बंद करायचं काम नाही.

दुसरा पर्याय खास काचांचा. मध्ये नेहमीचा नंबर, भोवती शेकडो बारीक भिंगं. हाँगकाँगमध्येच दोन वर्षांच्या चाचणीत नंबर वाढण्याचा वेग जवळजवळ निम्मा झाला. महाग आहेत, खोटं कशाला बोलू.

आता आमच्या आईचा लाडका उपाय: "कमी नंबरचा दे, डोळ्याला सवय लागेल." मलेशियात हे करून पाहिलं, २००२ ला निकाल आला. कमी नंबरवाल्या मुलांचा उलट जास्त वाढला. गाजर खा, आवडत असेल तर. ब्लू कट काचांनीही हा वेग कमी होत नाही.

ताईला फोन करून दोनच गोष्टी मागितल्या. एक, दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे थेंब घालून नंबर काढायचा, कारण लहान मुलांचा त्याशिवाय जास्त येऊ शकतो. दोन, डोळ्याची लांबी मोजून घ्यायची आणि दर सहा महिन्यांनी परत मोजायची. ती म्हणाली, "एवढं कशाला?" मी माझा ग्राफ व्हॉट्सअ‍ॅप केला. दहा मिनिटं निळी टिक, उत्तर नाही. मग आलं: "शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय."

भाचीनं शीटमध्ये स्वतःचा कॉलम केलाय. गुलाबी रंगात.