यादीतला शब्द आणि वाक्यातला शब्द

आजचा विषय जीआरईचा व्हर्बल विभाग, आणि त्यातही दोन गोष्टी: शब्दसंग्रह आणि उताऱ्याचं आकलन. कॅटची तयारी करणाऱ्यांनीही थांबावं, त्यांच्या कामाचं बरंच निघेल.

आधी परीक्षेचं रूप झटपट बघून घेऊ. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई लहान झाली. पूर्ण परीक्षा आता १ तास ५८ मिनिटांची आहे. व्हर्बलचे दोन भाग असतात. पहिल्यात १८ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २३ मिनिटांत १५ प्रश्न. म्हणजे ४१ मिनिटांत २७ प्रश्न, एका प्रश्नाला साधारण दीड मिनिट. गुण १३० ते १७०. पहिला भाग कसा गेला यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे, उरलेले गाळलेल्या जागांचे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी अलीकडे ही परीक्षा ऐच्छिक केली आहे. तेव्हा फी भरण्याआधी आपल्याला हव्या त्या विभागाचं पान उघडून बघा. वीस हजारांहून जास्त रुपये घरातून जाणार आहेत.

आता मुद्द्यावर येते. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळ जण मराठी, हिंदी नाहीतर कन्नड माध्यमात शिकलेले असतात. गणिताची त्यांना भीती नसते. व्हर्बल म्हटलं की चेहरा पडतो, आणि त्यावरचा उपाय म्हणून ते हजार-दीड हजार शब्दांची यादी घेऊन बसतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी शब्द. पाठ, पाठ, पाठ. महिन्याभरानं मॉक देतात आणि गुण होते तिथेच.

याचं कारण आळस नाही. ती उजवीकडची एकशब्दी ओळ घात करते.

एक वाक्य सांगते. मुद्दाम मराठीत सांगते, म्हणजे अडचण इंग्रजीची नाही हे कळेल. ‘समितीनं अहवालाचं कौतुक केलं, पण ते कौतुक इतकं ____ होतं की लेखकाला ती टीकाच वाटली.’ इथे काय येईल? हातचं राखून केलेलं, तोलूनमापून, अटी घालून केलेलं. इंग्रजीत या जागी ‘क्वालिफाइड’ शब्द बसतो. आणि आपला विद्यार्थी पर्यायांत हा शब्द बघतो, मनात म्हणतो, ‘क्वालिफाइड म्हणजे पात्र, मुलगा इंटरव्ह्यूला क्वालिफाय झाला’, आणि तो पर्याय खोडून टाकतो. शब्द त्याला येत नव्हता असं नाही. फार ओळखीचा होता. जीआरईला ही ओळखीच्या शब्दांची अनोळखी बाजू फार आवडते. ‘सॅन्क्शन’ घ्या. आपल्याकडे लोन सॅन्क्शन होतं, पण बातम्यांत एखाद्या देशावर सॅन्क्शन्स लागतात. एकीकडे मंजुरी, दुसरीकडे निर्बंध. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पादचारी, पण पुस्तकाला पेडेस्ट्रियन म्हटलं तर ते रटाळ, सामान्य. ‘आर्टलेस’ ही शिवी वाटते, पण माणसाला लावलं तर निष्कपट, भाबडा. ‘फ्लॅग’ म्हणजे झेंडा, आणि उत्साह फ्लॅग झाला म्हणजे ओसरला. असे शब्द वेगळ्या वहीत लिहा. मी त्या वहीला ‘तोंडओळखीची वही’ म्हणते. अवघड शब्दांच्या यादीआधी ही वही पूर्ण करा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण अवघड शब्द दिसला की निदान आपण सावध होतो.

दुसरी गोष्ट शब्दाच्या रंगाची. मराठीत आपण हे न शिकता जाणतो. आजी काटकसरी होती म्हटलं की कौतुक. काका चिक्कू आहेत म्हटलं की तक्रार. पैसे दोघंही कमीच खर्च करतात. इंग्रजीत ‘फ्रूगल’, ‘थ्रिफ्टी’ आजीच्या बाजूचे, ‘मायझरली’ काकांच्या बाजूचा. मग ‘पार्सिमोनियस’? यादीत ‘कंजूष’ लिहिलेलं असतं. माणसाबद्दल असेल तर ठीक आहे. पण विज्ञानावरच्या उताऱ्यात एखाद्या सिद्धांताला पार्सिमोनियस म्हटलं असेल, तर ती स्तुती आहे. कमीत कमी गृहीतकं धरून जास्त उलगडा करणारा सिद्धांत, असा तिथे अर्थ. ‘कंजूष सिद्धांत’ असं मनात म्हणणारा विद्यार्थी त्यापुढच्या तिन्ही प्रश्नांत लेखकाची भूमिका उलटी धरून चालतो.

सेन्टेन्स इक्विव्हॅलन्स नावाच्या प्रश्नात तर हा रंगच तपासतात. एक गाळलेली जागा, सहा पर्याय, त्यांतून दोन निवडायचे, आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकसारखाच झाला पाहिजे. एक बरोबर, एक चूक असेल तर अर्धा गुण मिळत नाही. इथला नेहमीचा सापळा असा की सहांमध्ये समानार्थी शब्दांची एक छान जोडी ठेवलेली असते आणि ती त्या वाक्यात बसतच नाही. पाठांतर केलेला विद्यार्थी जोडी दिसताच खूश होतो. म्हणून पर्याय हातानं झाका. आधी वाक्य वाचा आणि गाळलेल्या जागी आपला शब्द घाला, मराठी आला तरी चालेल. ‘हातचं राखून’ असा चक्क मराठी शब्द मनात ठेवून पर्याय उघडा. वाक्याला काय हवंय हे आधी ठरलं की पर्याय तुम्हाला ओढून नेत नाहीत.

आता आपल्या बाजूनं असलेली एक गोष्ट सांगते. शाळेत संधी, समास, उपसर्ग शिकताना कंटाळा आला असेल, त्याचे पैसे इथे वसूल होतात. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच भाषाकुळातल्या. लघु आणि गुरू आठवतात ना, वृत्तातले? ‘लघु’चा भाऊबंद लॅटिनमधला ‘लेव्हिस’, म्हणजे हलका. त्यातून ‘लेव्हिटी’, गंभीर प्रसंगी केलेला हलकेपणा. त्यातूनच ‘अलीव्हिएट’, दुःख हलकं करणं. ‘गुरू’ म्हणजे मुळात जड. त्याचा भाऊबंद ‘ग्रॅव्हिस’. त्यातून ग्रॅव्हिटी, जिला आपण गुरुत्व म्हणतोच, आणि ‘ॲग्रव्हेट’, म्हणजे आधीच बिघडलेलं आणखी गंभीर करणं. अलीव्हिएट आणि ॲग्रव्हेट ही विरुद्ध जोडी लघु-गुरूवर लटकवून ठेवा, पुन्हा पाठ करावी लागणार नाही. ‘ज्ञा’ धातू ‘इन्कॉग्निटो’मध्ये दडलेला आहे, अज्ञातवासच तो. ‘कॉग्निझंट’ म्हणजे जाणीव असलेला. ‘मृ’ धातूची बहीण ‘मॉरिबंड’मध्ये, म्हणजे मृतप्राय, अखेरच्या घटका मोजणारा. संसद, परिषद, सदन यांतला ‘सद्’ म्हणजे बसणं. तोच ‘सेडेंटरी’त आहे, बैठ्या कामाचा. आणि ‘असिड्युअस’मध्येही आहे. मुळात जवळ बसून राहणारा, म्हणून चिकाटीनं काम करणारा. बूड टेकवून बसल्याशिवाय काम होत नाही हे रोमन लोकांनाही ठाऊक होतं तर!

पण याचाही अतिरेक नको. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ पायाचा आहे, पण ‘पेडगॉग’मधला ग्रीक शब्द मुलासाठीचा आहे, त्याचा पायाशी संबंध नाही. ‘एनर्व्हेट’ ऐकायला एनर्जीसारखा, अर्थ मात्र नेमका उलटा, शक्ती काढून घेणं. मूळ शोधणं हे लक्षात ठेवण्यासाठी. परीक्षेत बसून अंदाज बांधण्यासाठी ते शेवटचं हत्यार.

रोज किती शब्द? आठ. होय, आठच. प्रत्येकासाठी वहीत एक खरं वाक्य, वाचनात सापडलेलं. शेजारी स्तुतीचा आहे की निंदेचा याची खूण, आणि एक विरुद्ध शब्द. दुसऱ्या दिवशी अर्थ झाकून आठवायचा. मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं. नुसतं वाचत बसलं की ओळखीचं वाटतं, पण आठवत नाही. हेर्मान एबिंगहाउसनं स्वतःवर प्रयोग करून मोजलेला विस्मरणाचा वेग १८८५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून अंतरा-अंतरानं उजळणी करणं चांगलं हे माहीत आहे. तीन महिन्यांत सातशे शब्द होतात. तेवढे नीट आले तर पुरे.

आता उतारे. इथे दीड मिनिटाचं गणित आठवून बहुतेक जण भरभर वाचतात आणि मग प्रत्येक प्रश्नासाठी पुन्हा वर जातात. एक छोटा उतारा घेऊ.

‘तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय ही सरफोजी राजे दुसरे यांची निर्मिती असं पुष्कळदा सांगितलं जातं. ग्रंथसंग्रह मात्र नायक राजांच्या काळापासून तिथे होता. म्हणून सरफोजींचं श्रेय कमी होतं असं नव्हे, ते बदलतं. वारशानं आलेल्या संग्रहात त्यांनी युरोपीय भाषांतल्या पुस्तकांचीही भर घातली, आणि दरबारी पोथीखान्याचं रूप पालटलं.’

प्रश्न: लेखकाचा मुख्य उद्देश काय? पर्याय असे. एक, सरफोजींचं योगदान नगण्य होतं हे दाखवणं. दोन, ग्रंथालयाचा आरंभापासून आजपर्यंतचा इतिहास सांगणं. तीन, सरफोजींच्या श्रेयाचं स्वरूप नेमकं करणं. चार, तंजावरच्या राजांनी मराठी जपली हे सांगणं.

पहिला पर्याय ‘मात्र’पाशी वाचन थांबवणाऱ्यांसाठी आहे. लेखक पुढच्याच वाक्यात ‘असं नव्हे’ म्हणतो, ते त्यांच्या हातून निसटतं. दुसरा फार मोठा आहे, चार वाक्यांत इतका इतिहास मावत नाही. चौथा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो बाहेरच्या जगात खरा आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा मोठा मराठी शिलालेख आहे, १८०३ चा. ज्याला हे माहीत आहे त्याचा हात चटकन चौथ्यावर जाईल. पण उताऱ्यात मराठी भाषेबद्दल अक्षर नाही. विषय जितका जवळचा, तितकी ही चूक जास्त होते. बायोटेकवाले जीवशास्त्राच्या उताऱ्यात चुकतात, इतिहासवाले इतिहासाच्या. उत्तर तिसरं.

बघा, हा सगळा उतारा दोन सांध्यांवर उभा आहे: ‘मात्र’ आणि ‘असं नव्हे’. इंग्रजीत ‘हाउएव्हर’, ‘येट’, ‘अपॅरंटली’ असे शब्द दिसले की बोटाचं टोक तिथे टेकवा. तपशील विसरले तरी चालतील, ते परत शोधता येतात. लेखक कुठे वळला हे विसरून चालत नाही.

मग मनात भाषांतर करावं का? वाक्यावाक्याचं अजिबात नको. वेळ जातो आणि पुन्हा तोच एकशब्दी अर्थाचा घोळ होतो. पण परिच्छेद संपला की दहा शब्दांत, बिनधास्त मराठीत, स्वतःला सांगा: ‘लोक म्हणतात यांनी सुरू केलं, हा म्हणतो, सुरू नाही, पण रूप यांनीच बदललं.’ बस. हे जमलं नाही तर उतारा समजलेला नाही, आणि प्रश्नांकडे जाण्यात अर्थ नाही. घरी सराव करताना हे मोठ्यानं म्हणा, शक्य तर कुणाला तरी ऐकवा. आई, भाऊ, रूममेट, कुणीही. त्यांनी ‘म्हणजे काय?’ विचारलं की कच्चा दुवा लगेच सापडतो.

अनुमानाच्या प्रश्नांबद्दल एवढंच. ‘असू शकेल’ ते नको, उताऱ्यावरून ‘असलंच पाहिजे’ ते हवं. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असल्या टोकाच्या पर्यायांवर संशय घ्या, पण लेखकच टोकाचं बोलत असेल तर त्यांना डोळे मिटून खोडू नका. जीआरईत काही प्रश्नांना तीन पर्याय देऊन जितके बरोबर तितके सगळे निवडायला सांगतात. तिथे तीन वेगवेगळे हो-नाहीचे प्रश्न आहेत असं समजून सोडवा.

कॅटवाल्यांनी इथे एक फरक ध्यानात घ्यावा. तुमच्या व्हर्बल विभागाला ४० मिनिटं असतात. २०२४ ला २४ प्रश्नांतले १६ उताऱ्यांवरचेच होते. बहुपर्यायी प्रश्नात चुकीला एक गुण जातो, म्हणून जीआरईसारखा सरसकट अंदाज तुम्हाला महाग पडेल. सुटा शब्दार्थ तुम्हाला विचारत नाहीत, त्यामुळे वहीपेक्षा वाचनाला जास्त वेळ द्या.

आणि सरावाचं साहित्य. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे पॉवरप्रेपचे दोन सराव-पेपर फुकट मिळतात. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात दोन्ही उडवू नका. एक सुरुवातीला, कुठे उभे आहोत हे कळायला. दुसरा परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधी. मधल्या काळात जो पेपर सोडवाल, त्याच्या चुका तपासायला पेपराइतकाच वेळ ठेवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द आला नाही, रंग चुकला, वळण निसटलं, की बाहेरचं ज्ञान घुसवलं. पंधरा दिवसांनी मोजा. कुठल्या रकान्यात जास्त खुणा आहेत ते बघा आणि पुढचे पंधरा दिवस त्याच्यावरच घालवा.

आजसाठी काम: तोंडओळखीच्या वहीत दहा शब्द. मी पाच सांगितले, क्वालिफाइड, सॅन्क्शन, पेडेस्ट्रियन, आर्टलेस, फ्लॅग. उरलेले पाच तुम्ही शोधायचे.