जखमेलाही वाफसा लागतो

(महासंघाच्या वार्षिक सभेतील आरोग्याच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कर्ज, हप्ते, दूध, शेळ्या यावर बोलणं झालं. मला विषय दिलाय जखमेचा. आधी एक करा, आपापले हात समोर धरा आणि बघा. कोयत्याचा, विळ्याचा, तव्याचा, कुकरच्या वाफेचा, एखादा तरी वण सापडेलच. त्या वेळी आपण काय केलं? हळद दाबली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागलो. पुष्कळ जखमा अशाही भरतात. पण जी भरत नाही, तिचा खर्च आपण गटाच्या वहीत कधी मांडत नाही. बुडालेली मजुरी, दवाखान्याच्या खेपा, आणि साखरेचा आजार असेल तर कधीकधी बोट किंवा पायच कापावा लागणं.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय: जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, कोरडी झाली की बरी होते. डॉक्टरही पूर्वी असंच मानायचे. 1962 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकराच्या कातडीवरच्या जखमा तपासल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पातळ पारदर्शक पडद्याने झाकून ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली.

असं का होतं, ते आपल्याला पटकन कळेल, कारण आपण शेतातल्या बायका. जखम भरते म्हणजे कडेच्या कातडीतल्या बारीक पेशी सरकत सरकत मधे येतात. वरती कडक खपली धरली असेल तर त्यांना खालून वाट काढत यावं लागतं. ओल असेल तर त्या सहज सरकतात. पण चिखलही नको. दिवसभर धुणं धुतल्यावर बोटं पांढरी, सुरकुतलेली होतात ना, तशा जखमेच्या कडा झाल्या तर जखम आणखी वाढते. रान भेगाळलेलं असलं तरी पेरता येत नाही आणि चिखल असला तरी येत नाही. वाफसा आला की पेरायचं. जखमेलाही असाच वाफसा लागतो.

हा वाफसा टिकवणाऱ्या पट्टीला हायड्रोजेल म्हणतात. सब्जा पाण्यात टाकला की कसा फुगतो आणि पाणी धरून ठेवतो? किंवा खरवस बघा, हातात वडी धरता येते, पण आत बहुतेक पाणीच. हायड्रोजेलची चकती तशीच असते. बरंचसं पाणी, आणि ते धरून ठेवणारं बारीक जाळं. हात लावला की गार लागते, त्यामुळे आग कमी होते. पारदर्शक असेल तर न उचलता आतली जखम दिसते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ती चिकटत नाही. कापसाची पट्टी ओढून काढताना नवी आलेली कातडी सोलून निघते आणि जीव जातो. इथे तसं होत नाही.

ही वस्तू फक्त परदेशातली नाही बरं का. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणु संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी भाजलेल्या आणि इतर जखमांसाठी हायड्रोजेल बनवायची पद्धत काढली. पाण्यात विरघळणारं एक प्लॅस्टिक आणि समुद्री शेवाळापासून मिळणारं आगर, ज्याला आपण चायना ग्रास म्हणतो, यांचं मिश्रण साच्यात ओतायचं, पाकिटात बंद करायचं आणि त्यावर किरणं सोडायची. किरणांनी आतलं जाळं विणलं जातं आणि त्याच वेळी जंतूही मरतात. किरण म्हटलं की घाबरू नका. आपल्या शेजारी लासलगावला 2002 पासून किरणांचं केंद्र आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत आणि आंबा परदेशी पाठवता यावा म्हणून तिथे हीच युक्ती वापरतात. किरणं आरपार जातात, मागे काही उरत नाही. ना कांद्यात, ना पट्टीत.

आता महत्त्वाचं, नीट ऐका. ही पट्टी म्हणजे जादू नाही. थोडं भाजलेलं, खरचटलेलं, कोरडी पडलेली आणि न भरणारी जखम, अशा ठिकाणी ती चांगली. पण खूप पाणी किंवा पू येत असेल, वास येत असेल, भोवती लाल होऊन ताप आला असेल, तर आधी दवाखाना. साखर असलेल्या माणसाचं बोट काळं पडलं असेल तर त्याला ओलं काहीही बांधायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. कुत्रं चावलं असेल तर पट्टीच नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायची.

पट्टी साध्या गॉजपेक्षा महाग पडते, हेही खरं. म्हणून ती नसली तर काय? औषधाच्या दुकानात पॅराफिन गॉज मिळते, व्हॅसलीनसारख्या पदार्थात भिजवलेली जाळी. तीही चिकटत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी तर भाजलेल्या रुग्णांना केळीच्या पानाची पट्टी बांधून बघितली आणि तो अभ्यास 2003 साली छापून आला. पान गुळगुळीत, चिकटत नाही, स्वस्त. मात्र ते पान यंत्रात निर्जंतुक केलेलं होतं. परसातलं पान तोडून कुणी बांधू नका.

आणि भाजल्यावर पहिला उपाय फुकटचा आहे: पाणी. साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल काही नको. बांगड्या, अंगठी, जोडवी सूज येण्याआधी काढा. कपडा चिकटला असेल तर ओढू नका, फोड फोडू नका. चेहरा, हाताचे पंजे, मोठा भाग किंवा लहान मूल भाजलं असेल तर 108 ला फोन. शेणामातीत झालेल्या जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या, आणि जखमेवर शेण किंवा माती तर कधीच लावू नका. धनुर्वाताचे जंतू तिथेच असतात.

कुणी म्हणेल, हे डॉक्टरचं काम, आम्ही अडाणी बायका काय करणार? मैत्रिणींनो, आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड आठवा. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी जणी शाळेची पायरी न चढलेल्या होत्या. त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग ओळखला, वाळीत टाकलेल्या रुग्णांना गावात जागा मिळवून दिली. जग ते काम बघायला जामखेडला येतं. मग आपल्याला एक जखम नीट धुता येणार नाही?

शेवटी तीन गोष्टी मागते. पहिली, गटाच्या बैठकीच्या जागी एक डबा ठेवा: साबण, स्वच्छ गॉज, पॅराफिन गॉज, पट्टी, चिकटपट्टी, कात्री, आणि जमलं तर दोन हायड्रोजेल. काय घ्यायचं ते आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारून ठरवा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ज्या भगिनी ऊसतोडीला जातात, त्यांच्या टोळीबरोबर असा एक डबा गेलाच पाहिजे.

दुसरी, महिन्याच्या बैठकीत हप्ता भरल्यावर साखर असलेल्या प्रत्येकीने चप्पल काढून तळवे दाखवायचे. साखरेने पायाची जाणीव जाते, काटा रुतला तरी कळत नाही. जे तिला दिसत नाही ते शेजारणीला दिसेल.

तिसरी, दोन आठवड्यांत जखम भरायला लागली नाही तर तिला दवाखान्यात पाठवायचं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते म्हणून ती थांबत असेल तर गटाच्या अंतर्गत कर्जातून तिला मदत करायची. शेळीला जखम झाली तर आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. बाईच्या जखमेला महिना थांबायला लावू नका.

हा तिसरा ठराव आजच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा, अशी मी अध्यक्षताईंना विनंती करते आणि थांबते.